मागं दोन क्विंटल साठ किलो

पहाटे ५.१५

उठल्यावर आधी चप्पल काढतो आणि घरामागच्या वावरात टाच रोवून पाहतो. तीन दिवसांची उघाड आहे. पोळ्याच्या आधी लागलेला पाऊस पोळा सरला तरी हटला नव्हता. आज टाच रुतली, पण खड्ड्यात पाणी दिसलं नाही. मूठभर माती दाबली तर गोळा झाला, अंगठ्यानं टोकला तर फुटला. वाफसा आला.

काळ्या जमिनीत वाफशाआधी ट्रॅक्टर घातला की चाकाखालची माती विटेसारखी दबते. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. नेमका तोच थर बंद होतो. पुढं झाड पिवळं पडतं आणि शेतकरी खताच्या दुकानात उभा राहतो. म्हणून भाड्याचा दिवस बुडाला तरी चालेल, पण ओल्या बागेत मी जात नाही.

माझं काम संत्र्याच्या बागांतलं गवत कापून देण्याचं. आमचं गाव अंजनगाव-सुर्जीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. अमरावती जिल्हा इथं संपत येतो आणि पश्चिमेला अकोट तालुक्यापासून अकोला जिल्हा लागतो. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव, मग अकोट आणि तेल्हारा, अशी संत्र्याची ओळ डोंगराच्या कडेकडेनं गेलेली आहे. दोन्ही जिल्ह्यांत मी जातो. आज जायचंय सात किलोमीटरवरच्या एका पाच एकरांच्या बागेत.

सकाळी ५.४५

ट्रॅक्टर २००८ सालचा. तीन सिलेंडर, अठरा हॉर्सपॉवर, वजन साधारण आठ क्विंटल. मोठा ट्रॅक्टर संत्र्याच्या फांद्यांखालून जात नाही, गेला तर फळं झोडत जातो. म्हणून बागेत हाच लागतो. मागचा कटर मात्र पाच फुटी आहे आणि तो बनला होता पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरसाठी. जुना मिळाला म्हणून घेतला. घेतल्याच्या दिवशी धर्मकाट्यावर चढवला, तर भरला दोन क्विंटल साठ किलो.

लहान ट्रॅक्टरमागं एवढं जड अवजार कशाला, असं सगळेच विचारतात. आधी माझ्याकडं हलका कटर होता. आमच्याकडं सातपुड्यातून उतरणारे नाले शेकडो वर्षं गोटे आणून टाकत आलेत. डोंगराजवळच्या वावरात नांगर लावला की माती कमी आणि गोटे जास्त वर येतात. हलक्या कटरचा पातळ पत्रा दोन हंगामांत पोचे पडून वाकला आणि एकदा फाटून आतला गोटा बाहेर आला. कुणाला लागला नाही. त्या दिवसानंतर मी तो चालवला नाही. जड कटरचा पत्रा जाड आहे. त्याच्याखाली गोटा खणखणतो, पण आतच राहतो. शिवाय वजनामुळं तो वरंब्यावर उडत नाही, गवत एका उंचीवर कापतो. हे वजन जुन्या ट्रॅक्टरनं कसं वाहायचं, एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली.

रात्री कटर लिफ्टवर लटकवून ठेवायचा नाही. जुन्या लिफ्टमधून तेल हळूहळू झिरपतं, अवजार आपोआप खाली बसतं. खाली वाकून पाती पाहायची असतील तर आधी चारी बाजूंना बाभळीचे ठोकळे लावतो, इंजिन बंद करतो, चावी खिशात टाकतो आणि मगच हात घालतो. लिफ्टच्या भरवशावर कटरखाली हात घालणारा माणूस दिसला की मी रस्त्यात ट्रॅक्टर थांबवून त्याला बाहेर ओढतो. त्याला राग आला तरी येऊ द्या.

पाती परवाच अंजनगावात धार लावून आणली. धार लावणाऱ्याला मी नेहमी सांगतो, दोन्ही पाती एकदम घास आणि तराजूत घालून सारखी कर. एक पातं पन्नास ग्रॅमनं हलकं राहिलं तरी फिरताना सगळा कटर थरथरतो, ती थरथर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खाते आणि शेवटी सीटवर बसलेल्याच्या कमरेला येते. दोन पात्यांत फरक आहे हे कमरेला आधी कळतं.

ग्रीस गन घेऊन पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद कटरपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही क्रॉसना ग्रीस देतो, गिअरबॉक्सचं तेल पाहतो, नटबोल्टवर पाना फिरवतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर दोन्ही टोकांना साखळीनं बांधलेलं आहे का, तेही पाहतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा त्याला लागला तर सेकंदाला मीटरभराहून जास्त कापड गुंडाळलं जातं; माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. बहुतेक ट्रॅक्टरांचं हे कव्हर पहिल्याच वर्षी निघून कोपऱ्यात पडतं. माझं दोनदा तुटलं, दोनदा मी नवीन आणलं.

सकाळी ७.००

रस्त्याला लागलो. सगळ्यात जास्त भीती मला याच सात किलोमीटरांची वाटते.

हिशेब साधा आहे. तराजूची दांडी मागच्या आसावर टेकली आहे असं समजा. आसापासून कटरच्या मध्यापर्यंत माझ्याकडं दीड मीटरच्या आसपास अंतर भरतं. आसापासून पुढच्या चाकापर्यंतही जवळपास तेवढंच. म्हणजे मागं २६० किलो लटकवले की पुढच्या चाकांवरचे जवळजवळ तितकेच किलो उचलले जातात. पुढच्या चाकांवर मुळात असतात सव्वातीनशेच्या आतबाहेर. उरलं काय? पोत्याभराचं ओझं. त्यावर स्टेअरिंग चालायचं. स्पीडब्रेकरवर मागची चाकं उतरली की नाक वर येतं, आणि तेवढा क्षण स्टेअरिंग कुठंही फिरवा, ट्रॅक्टर सरळच जातो.

पहिल्या वर्षी मी बंपरला रेतीची दोन पोती दोरीनं बांधत होतो. एकदा वळणावर दोरी सुटून पोतं चाकाखाली आलं. तेव्हापासून बंपरवर बोल्टनं कसलेली लोखंडी वजनं आहेत, पासष्ट किलोची. ती पुढच्या आसाच्याही पुढं असल्यामुळं चाकांवर पासष्टहून जास्तच भार देतात. मागच्या टायरांत पाणी भरण्याचा उपाय अनेकांनी सुचवला. त्यानं पकड वाढते हे खरं, पण नाक खाली यायला त्याचा काही उपयोग नाही आणि बागेतली माती मात्र जास्त दबते. मी भरलं नाही.

कटर जमिनीपासून वीतभरच उचलतो. चेक चेन ताणून ठेवतो, नाहीतर तो घड्याळाच्या लंबकासारखा हलतो आणि ट्रॅक्टरला आपल्यामागं हलवतो. दुसऱ्याच्या वरचा गिअर नाही. मागून मोटारसायकलवाले हॉर्न देतात. त्यांना जागा देतो. उजव्या हाताला सातपुडा धुक्यातून बाहेर येत असतो. अकोटकडं निघालो की नरनाळ्याचा डोंगर असाच सोबत असतो.

सकाळी ७.४५

बागेचे मालक काकाजी धुऱ्यावर उभे होते. सत्तरी ओलांडलेले, हातात काठी.

"वाफसा आला ना गा भाऊ? माह्या बागेत चिखल नको करजो."

"पाहून आलो, काकाजी. नाल्याकडच्या दोन ओळी तेवढ्या आधी चालून पाहू."

कापणीआधी सगळी बाग पायी फिरायची हा माझा नियम आहे. घाई असलेले मालक त्याला कंटाळतात. काकाजी मात्र आपणच पुढं चालू लागले. झाडं अठरा-वीस फुटांवर, एकरी एकशे दहाच्या आसपास. आंबिया बहाराची हिरवी फळं मुठीएवढी झालेली, फांद्या वाकलेल्या आणि त्यांना बांबूचे टेके. टेका कुठं ओळीत सरकलाय, कुठं बांधायची तार लोंबतेय, ठिबकची नळी कुठं आळ्याबाहेर आलीय, हे बघत चालायचं. गवत कमरेइतकं वाढलं की नळी दिसतच नाही. पात्यात आली की पन्नास फूट नळी डोळ्यादेखत गोळा होते. दरेक ठिकाणी आम्ही लाल चिंधी बांधत गेलो. गोटे उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवले.

आमच्यापुढं चार बाया टोपल्या घेऊन गळालेली फळं वेचत होत्या. हे काम कटरच्या आधीच व्हायला हवं. पावसाळ्यात फळगळ होते आणि पडलेल्या फळांत कूज धरते. तशीच फळं कटरखाली फोडली तर ती कूज सगळ्या ओळीत शिंपडल्यासारखी होते. वेचलेली फळं बागेबाहेर खोल खड्ड्यात जातात.

धुऱ्यावरच्या निंबावर गुळवेल चढली होती. काकाजींच्या सूनबाईनं ती जपलेली, कोरोनापासून घरात काढा होतो. मी म्हटलं, वहिनी, एवढी तेवढी काढावी लागते. रसशोषक पतंगाची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. पतंग रात्री येऊन रंग धरणाऱ्या फळात सोंड खुपसतो, छिद्रातून कूज शिरते आणि दोन-चार दिवसांत फळ खाली. वहिनींना हे नवीन होतं. "मंग घराजवळ लावतो मी, इथली काढा," असं म्हणून त्यांनीच विळा मागवला.

सकाळी ८.४०

दहिवर अजून सुकलं नव्हतं. ओलं गवत कापलं जात नाही, पात्याला लोळतं आणि पत्र्याच्या आत लगदा होऊन बसतं. मग पातं त्या लगद्यातच फिरतं आणि अठरा हॉर्सपॉवरचं इंजिन काळा धूर सोडू लागतं. थांबायचं.

काकाजींचा नातू अकोल्याला शिकतो, सुट्टीला आलाय. त्याला मी सांगत होतो की हिरवळ कापायचं पहिलं यंत्र १८३० साली इंग्लंडातल्या एडविन बडिंगनं केलं. कापड गिरणीत लोकरी कापडाचे वर आलेले तंतू छाटायचं यंत्र असायचं, ते पाहून त्याला सुचलं. त्याच्या यंत्रात पाती रुळासारखी फिरत, आपली आडवी फिरतात. पण आम्ही कापूस पिकवणारी माणसं. गवताच्या कटरचा मूळपुरुष कापडगिरणीत निघाला याचं मला फार अप्रूप वाटतं. नातवानं लगेच आत वाकून पाती पाहिली. इंजिन बंद होतं, ठोकळे लावलेले होते, म्हणून पाहू दिलं.

कटर सपाट जागी उतरवून उंची लावली. चार बोटं गवत ठेवतो. टॉप लिंक फिरवून पुढची बाजू मागच्यापेक्षा अर्धा इंच खाली घेतो. त्यामुळं पातं पुढच्या बाजूनं एकदाच कापतं, कापलेलं पुन्हा पुन्हा झोडत नाही आणि इंजिनवरचा भार हलका होतो. कटरला मागं एक लहान चाक आहे. काम चालू असताना सगळं वजन लिफ्टवर न ठेवता त्या चाकावर टेकू देतो. रस्त्यावर पुढची चाकं हलकी करणारं वजन बागेत असं जमिनीनंच धरून ठेवलेलं असतं.

सकाळी ९.१०

बायांना दोन ओळी सोडून पलीकडं पाठवलं. काकाजी धुऱ्यावर. नातवाला मडगार्डवर बसायचं होतं, त्याला नाही म्हटलं. कुणालाच बसू देत नाही. माझ्या पोरानं यासाठी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

इंजिन कमी ठेवून पीटीओ टाकला. जड पाती एकदम उठत नाहीत. आधी घरघर, मग गुरगुर, मग सलग सूर. घाईनं क्लच सोडला तर शाफ्टला झटका बसतो आणि क्रॉस तुटतो. सूर लागला की रेस वाढवतो आणि पहिल्या लो गिअरमध्ये ओळीत शिरतो. कटरच्या गिअरबॉक्समध्ये वेग वाढून पाती मिनिटाला आठशेच्या आसपास फिरतात. पाच फुटांच्या घेरात पात्याचं टोक मग सेकंदाला साठ मीटरहून जास्त पळतं. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. गोटा कसा उडत असेल त्याचा अंदाज यावरून करा.

पाच फुटी कटरनं मी कधी पाच फूट गवत घेत नाही. साडेतीन-चार फुटांचा घास. दोन झाडांच्या ओळींमध्ये तीन फेऱ्या होतात. वेग माणूस रमतगमत चालेल तेवढा, तासाला अडीच किलोमीटर. एकराला सव्वा तास जातो. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी कापा असं काही मालक म्हणतात. ठिबकच्या नळ्या झाडांच्या ओळीनं गेलेल्या असतात, आडवं जायचं म्हणजे प्रत्येक ओळीत त्यांच्यावरून जायचं. मी फक्त उभं कापतो. झाडाखालचं गवत बाया विळ्यानं काढतात.

माझं सगळं लक्ष कानात असतं. गवत दाट आलं की इंजिनचा आवाज खाली जातो. मोठा ट्रॅक्टर असा आवाज गिळून पुढं जाईल. ह्याला तशी ताकद नाही. आवाज खाली जायला लागला की थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे क्लच दाबायचा. इथंच एक जुनं दुखणं होतं.

या जुन्या ट्रॅक्टरला क्लच एकच. पीटीओची ताकद चाकं फिरवणाऱ्या गिअरबॉक्समधूनच येते. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण मागं फिरणारी पाती आणि ट्रॅक्टरची चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. जड पाती लगेच थांबत नाहीत. त्यांची गती शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये शिरते आणि चाकांना फिरवते. म्हणजे तुम्ही क्लच दाबून उभे आणि ट्रॅक्टर मात्र पुढं चाललेला. हलक्या कटरला हे जाणवत नव्हतं. जड कटर लावला त्या पहिल्याच आठवड्यात, याच बागेत, तिसऱ्या ओळीच्या टोकाला मी क्लच दाबला आणि ट्रॅक्टर सहा-सात फूट पुढं जाऊन झाडावर आदळला. गिअर न्यूट्रलला टाकायचं सुचेपर्यंत बुंध्याची साल हातभर निघाली होती.

काकाजी तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी जखमेवरची फाटकी साल चाकूनं साफ केली आणि बोर्डो मलम लावलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तरी पुढच्या पावसाळ्यात त्या जागी डिंक आला. फायटोप्थोरा बुरशी अशाच जखमेतून शिरते. आमच्याकडं त्या रोगाला डिंक्या म्हणतात. तीन वर्षं त्या झाडानं नीट फळ धरलं नाही. आजही त्या झाडापाशी आलो की माझा पाय आपोआप हलका होतो.

उपाय मला परतवाड्याच्या एका जुन्या मिस्त्रीनं सांगितला. पीटीओच्या सहा खाचांच्या दांड्यावर बसणारा एक जोड मिळतो, ओव्हररनिंग क्लच. इंजिन पात्यांना फिरवू शकतं, पाती इंजिनकडं उलट ताकद पाठवू शकत नाहीत, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. क्लच दाबला की ट्रॅक्टर जागीच थांबतो आणि पाती मागं आपली आपण फिरत शांत होतात. एवढाच तुकडा, पण तो बसवल्यावर शाफ्ट चार बोटं मागं सरकला. तसाच ठेवला असता तर लिफ्ट उचलताना शाफ्टची दोन्ही नळकांडी एकमेकांत तळाला टेकून गिअरबॉक्सवर धडकली असती. मिस्त्रीनं शाफ्ट मोजून कापला, टोकं घासली, आणि मगच पैसे घेतले. माझ्यासारखा जुना ट्रॅक्टर ज्यांच्याकडं आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगत असतो. जड कटर घ्यायच्या आधी हा तुकडा घ्या.

साडेबारापर्यंत पावणेतीन एकर झालं. कापलेलं गवत ओळीत पसरलेलं, वर हिरवं आणि खाली ओलसर. त्याचा वास आणि संत्र्याच्या पानाचा वास एकमेकांत मिसळतो. बगळे मागं चालत येतात.

दुपारी १२.४५

निंबाखाली शिदोऱ्या सुटल्या. भाकर, बेसन, मिरचीचा ठेचा, कांदा. बायांनी आणलेली चवळीची भाजी. पाती थांबल्यावर कानात थोडा वेळ शिट्टी वाजत राहते.

काकाजींनी आपला नेहमीचा प्रश्न काढला. "रोटाव्हेटर मारला असता त एका दिवसात बाग आरशावानी दिसली असती. गवत ठेवून काय फायदा?"

हे बोलणं आम्ही दर वर्षी करतो, आणि दर वर्षी मी पुन्हा सांगतो. रोटाव्हेटर चार-सहा इंच खाली जातो आणि तिथंच झाडाची तंतुमुळं असतात. भर पावसाळ्यात ती तुटली की बुरशीला आयती जखम. शिवाय डोंगराकडून उतार आहे. मोकळी केलेली माती एका पावसात नाल्यात जाते. गवताची मुळं ती धरून ठेवतात. कापलेलं गवत जागच्या जागी कुजून जमिनीत जातं. तणनाशकानं गवत मरतं, पण बागेत जमीन उघडी पडते, आणि फवारा वाऱ्यावर खालच्या फांद्यांवर गेला तर पानं सांगतात. डिसेंबरात आंबियाला ताण द्यायला पाणी तोडतात तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा गवतानं ओल ओढणं कामाचं, पण हलका वखर घातला तरी हरकत नाही.

मी हे पुस्तकातून आणलेलं नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवार फेरी असते. तिथं संत्र्याचे प्लॉट पाहिले, दोन बागांची मुळं उकरून शेजारी शेजारी पाहिली तेव्हा डोक्यात शिरलं. ते विद्यापीठ १९६९ साली झालं. पंजाबराव याच अमरावती जिल्ह्यातले, पापळचे. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर केलेला प्रयोग पाहायला अकोल्यापलीकडं जावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

काकाजी ऐकून घेतात. पटलं असं म्हणत नाहीत. पण रोटाव्हेटरवाल्याला बोलावतही नाहीत.

दुपारी २.००

ऊन तापलं. दहा मिनिटांत खण्ण आवाज झाला, पाती थांबली आणि इंजिन एकदम मोकळं धावलं. शिअर बोल्ट तुटला. खाली नांगराचा मोडका फाळ निघाला, कुणाच्या तरी आजोबांच्या वेळचा, मातीत पुरलेला. आम्ही पायी फिरलो तेव्हा तो दिसणं शक्य नव्हतं.

बोल्ट तुटला याचं मला बरं वाटलं. तो तुटण्यासाठीच असतो. तो नरम असतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. घाईत कुणी तिथं कडक पोलादाचा बोल्ट घालतं, मग फाळ लागल्यावर बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्सचे दात जातात. जुन्या ट्रॅक्टरवर तर तो झटका पीटीओपर्यंत पोचतो. टूलबॉक्समध्ये योग्य मापाचे चार होते, एक लावला. पंधरा मिनिटं.

दुपारी ४.१५

मेळघाटाकडं ढग उभे राहिले. काकाजींनी काठीनं आभाळ दाखवलं. नाल्याकडच्या शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या. उतरून टाच रोवली. पाणी वर आलं.

"एवढ्या दोन ओळी सोडू, काकाजी. पुढच्या आठवड्यात येताना करून देतो. पैसे नाही घेत त्याचे."

"मारून टाका ना आताच. दोनच त आहे."

"चाकाचे चर पडतील. पावसाचं पाणी त्यातच थांबलं त मुळाशीच थांबल."

काकाजींनी नाल्याकडं पाहिलं, मग त्या साल निघालेल्या झाडाकडं पाहिलं. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी ५.००

कटर ठोकळ्यांवर ठेवून खालचा लगदा खरवडला. गवताचा रस आंबट असतो. रात्रभर राहिला की सकाळी पत्र्याला गंज. बाया घरी निघाल्या होत्या. त्यातल्या एकीनं, वयानं सगळ्यांत मोठ्या, शाफ्टचं कव्हर पाहून विचारलं, "हे पिवळं कायले हाय?" मी सांगितलं. त्यांनी आपला पदर कमरेला खोचला आणि बाकीच्यांनाही खोचायला लावला, ट्रॅक्टर बंद असतानासुद्धा.

परतीच्या रस्त्यावर दोन थेंब पडले. पुढचं चाक स्पीडब्रेकरवर थोडं उचललं गेलं, पण बसलं.

रात्री ८.००

वहीत लिहिलं: पाच तास वीस मिनिटं, पावणेपाच एकर, डिझेल पंधरा लिटर. शिअर बोल्ट उरले तीन. उजवीकडच्या लोअर आर्मच्या पिनमध्ये ढील आहे, बदलायची.

उद्याची बाग अकोटच्या अलीकडं, अकोला जिल्ह्यात. जेवण झाल्यावर तिथल्या मालकांचा फोन आला. त्यांच्याकडं संध्याकाळी सरी येऊन गेली होती. किती पडला ते त्यांनाही सांगता येईना. सकाळी किती वाजता येता, असं विचारत होते.

"सकाळी उठून वावरात टाच रोवून पाहजा," मी म्हटलं, "आणि मंग मले फोन करजा."